विहिरीवरची प्रकृती आणि आपल्या घरातली लेक



आजचे हे चिंतन मुलींविषयी आहे. परंतु ते आईबापांनी, विशेषतः बापांनी, मांडी घालून ऐकावे अशी माझी विनंती आहे. आपल्या विहारांत एक रीत पडून गेली आहे. मुलींचा विषय निघाला की पुरुष मंडळी हळूच उठतात, बाहेर जाऊन तंबाखू मळतात आणि आत बायका तेवढ्या उरतात. जणू मुलगी वाढवणे हे एकट्या आईचे काम आणि मुलगी ‘देणे’ हे एकट्या बापाचे! तेव्हा आज कोणी उठू नये. ज्या घरात आजीला अक्षरओळख नाही, त्या घरात नातीने हे मोठ्याने वाचून दाखवावे.

श्रीगोंदा तालुक्यातले काष्टी गाव तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. भीमा ओलांडली की पलीकडे दौंड, रेल्वेचे मोठे जंक्शन. अलीकडे काष्टी, उसाचा मुलूख आणि शनिवारचा जनावरांचा बाजार. लांबलांबून बैल येतात, गाई-म्हशी येतात. घेणारा आधी जनावराचे तोंड उघडून दात पाहतो, आदत आहे की चौसा आहे की जुळलेला. मग पाठीवर थाप मारतो, चार पावले चालवून बघतो, खोड विचारतो. जुन्या पद्धतीचा सौदा तर रुमालाखाली बोटे दाबून होतो. भाव काय ठरला हे शेजाऱ्यालाही कळत नाही आणि बैलाला तर कोणी विचारतच नाही.

आता रागावू नका, पण आपल्या घरी मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा काय चालते ते आठवून पाहा. पोरगी पोह्यांची ताटली घेऊन येते. वय किती, उंची किती, रंग कसा, थोडी चालून दाखव, बस, नाव सांग, स्वयंपाक येतो का? मग बाहेर ओसरीवर दोन्हीकडचे वडीलधारे बसतात आणि हुंड्याचे, मानपानाचे, अंगावर घालायच्या सोन्याचे बोलणे दबक्या आवाजात होते. 1961 सालापासून या देशात हुंडाबंदीचा कायदा आहे, म्हणून आता त्याला हुंडा म्हणत नाहीत, ‘हौस’ म्हणतात. रुमाल तेवढा दिसत नाही! भिंतीवर मात्र तथागतांची तसबीर असते आणि शेजारी बाबासाहेबांची.

तुम्ही दीक्षा घेतली. देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्या तुम्ही हात जोडून म्हटल्या. त्यांतली नववी प्रतिज्ञा सर्व माणसे समान मानण्याची आहे आणि दहावी समता प्रस्थापित करण्यासाठी झटण्याची. या दोन प्रतिज्ञा म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर गावचा पाटील येतो. घरातली पोरगी येते का?

काष्टीसारख्या गावातली अशी एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिचे नाव घेण्याचे कारण नाही, ती एकटी नाही. बारावी झालेली आहे. वडील उसाच्या कामावर किंवा कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर. आई लोकांच्या कांद्यात खुरपायला जाते. मुलीला वाटते, दौंडला किंवा पुण्याला जाऊन परिचारिकेचे शिक्षण घ्यावे. कधी वाटते पोलीस भरतीला पळावे. कधी वाटते बी. ए. करून स्पर्धा परीक्षेला बसावे. घरात म्हणतात, शिक की, पण स्थळ चांगले आले तर थांबायचे नाही. त्यातच महाविद्यालयातला एक मुलगा तिच्याशी नीट बोलतो. वही परत देताना ‘ताई’ न म्हणता नावाने हाक मारतो. तेवढ्याने तिच्या पोटात कालवाकालव होते. हे प्रेम आहे काय? तो आपल्यातला नाही, मग काय होईल? आणि ‘आपल्यातला’ म्हणजे तरी कोणातला? शाळेच्या दाखल्यावर एक जात आहे, घरात धम्म आहे, गावातली माणसे अजून जुन्याच नावाने ओळखतात. मी आहे तरी कोण? हा प्रश्न ती कोणाला विचारणार? आईला विचारावे तर आई घाबरते, बापाला विचारावे तर हात उगारला जाईल अशी भीती. म्हणून ती मोबाईलमध्ये डोके घालून बसते आणि आपण म्हणतो, पोरगी बिघडली.

ती बिघडलेली नाही, संशयात आहे. आणि संशयात असणे हा धम्मात गुन्हा नाही. केसपुत्त गावचे कालाम लोक भगवंतांकडे आले आणि म्हणाले, जो तो येतो आणि आपलेच खरे म्हणतो, आम्ही गोंधळलो आहोत. भगवंतांनी त्यांना आधी हेच सांगितले की जेथे संशय यावा तेथेच तुम्हांला संशय आला आहे. परंपरा आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा, कशाने अहित होते आणि कशाने हित होते ते. हे प्रवचन आपण दर वर्षी ऐकतो आणि माना डोलावतो. मग आपली मुलगी तेच करू लागली की का बिथरतो? पंचनीवरणांत ‘विचिकिच्छा’ म्हणून जो संशय सांगितला आहे तो वेगळा. तो माणसाला एका जागी खिळवून ठेवतो, कुजवतो. मुलीचा संशय त्या जातीचा होतो तो तिला बोलायला माणूस मिळत नाही तेव्हा. विचारायला मिळाले, चार गोष्टी पाहायला मिळाल्या, तर तोच संशय तिला वाट दाखवतो.

आता मुख्य कथेकडे येतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात प्रकृती नावाच्या चांडालकन्येची कथा मुद्दाम घातली आहे. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झाला. तुमच्या घरी असेल तर स्त्रियांच्या धम्मदीक्षेचे प्रकरण काढून वाचा. मी माझ्या शब्दांत सांगतो.

आनंद वाटेने चालला होता. तहान लागली. पाण्यावर एक मुलगी दिसली. त्याने पाणी मागितले. तेव्हा ती काय म्हणाली? आपले नाव तिने सांगितले नाही. आपण चांडाल आहोत, आपल्या हातचे पाणी चालणार नाही, असे ती म्हणाली. आईबहिणींनो, येथे थोडे थांबा. वयात आलेली मुलगी, कोणी अनोळखी माणूस समोर उभा आणि तिच्या तोंडून पहिली ओळख बाहेर पडते ती जातीची. ती ओळख तिने शोधलेली नव्हती, तिच्या अंगावर टाकलेली होती. आपल्या आज्यांनी हेच केलेले आहे. पाणवठ्यापासून लांब उभे राहायचे आणि कोणी तरी वरून ओतील याची वाट बघायची. 1927 साली महाडच्या तळ्यावर जे घडले ते पाण्यासाठी घडले खरे, पण या पहिल्या ओळखीवरचा तो घाव होता.

आनंद म्हणाला, मी पाणी मागितले, जात विचारली नाही.

आणि ती मुलगी त्याच्या प्रेमात पडली. घरी जाऊन आईला म्हणाली, नवरा करीन तर यालाच. आईने आनंदाला घरी बोलावले, समजावले, अडवण्याचाही प्रयत्न केला. तो भिक्षू, त्याने नकार दिला. प्रकृती मागे लागली. तो जाईल तेथे ती. लोक हसले असतील, नावे ठेवली असतील. अखेर भगवंतांनी तिला बोलावून घेतले.

मी या कथेवर पुष्कळ विचार केला आहे आणि मला असे वाटते की प्रकृती आनंदाच्या रूपावर भाळली हे अर्धेच खरे आहे. तिच्या जन्मात पहिल्यांदा एका माणसाने तिला माणूस म्हणून पाणी मागितले. त्या वागणुकीच्या ती प्रेमात पडली आणि तिला वाटले की आपण त्या माणसाच्याच प्रेमात पडलो. पोरी, तुझ्याशी जो पहिला मुलगा नीट बोलला, त्याच्याविषयी तुला जे वाटते त्यात या गोष्टीचा वाटा किती हे तूच तपासून पाहा. हे मी तुझे प्रेम खोटे ठरवण्यासाठी सांगत नाही. खरेही असेल. पण घरात बाप कधी नावाने गोड हाक मारीत नाही, भाऊ पाण्याचा तांब्या सुद्धा हुकूम सोडून मागतो, शाळेत मास्तर शिष्यवृत्तीवाल्या म्हणून वेगळे उभे करतात, अशा मुलीला एक आदराचा शब्द म्हणजे मोठी दौलत वाटते. तहान इतकी असली की पाणी कोणत्या आडातले आहे हे बघायचे भान राहत नाही. म्हणून बापांना सांगतो, लेकीला घरात आदर द्या. मग बाहेर मिळणाऱ्या शब्दाची पारख तिची तिला येईल.

भगवंतांनी प्रकृतीशी काय केले? तिला हाकलले नाही. तू चांडाल, तुझी ही हिंमत, असे म्हटले नाही. तिच्या आईला दोष दिला नाही. तुला काय हवे आहे, हे त्यांनी तिलाच विचारले. तिने सरळ सांगितले, नवरा हवा आहे. त्यांनी आनंदाचे जीवन कसे आहे ते तिच्यासमोर ठेवले, त्याने मुंडण केले आहे, तू करशील का म्हणून विचारले आणि आईची संमती घेऊन ये म्हणून सांगितले. ती परत आली तेव्हा विचारले, त्याचे काय आवडते तुला? ती म्हणाली डोळे, नाक, वाणी, चाल. मग शरीर म्हणजे काय, ते नाशिवंत कसे, हे त्यांनी तिला उलगडून दाखवले. तिचे तिलाच उमगले. ती संघात आली.

संघात येणे हा प्रत्येक मुलीचा मार्ग नव्हे, तसे मी म्हणत नाही. माझे बोट वेगळ्या गोष्टीवर आहे. त्या मुलीला तिचे उत्तर प्रश्न विचारून सापडू दिले. आपल्याकडे प्रश्न विचारण्याच्या आधी उत्तर तयार असते आणि उत्तर म्हणजे बहुधा नात्यातला एखादा मुलगा, ट्रक चालवणारा किंवा दोन एकरवाला.

थेरींच्या कथा आपल्याकडे फारशा सांगितल्या जात नाहीत, ही खंत मी येथे बोलून दाखवतो. श्रावस्तीच्या श्रीमंत घरातली पटाचारा घरच्या नोकराबरोबर पळून गेली. पुढे नवरा, दोन लेकरे, माहेर, सगळे गेले आणि ती वेडी होऊन रस्त्याने फिरू लागली. लोक तिला हाकलीत होते, भगवंतांनी तिला जवळ येऊ दिले. पळून गेली होती ना, मग भोग आता, असे कोणी तेथे म्हटले नाही. तीच पटाचारा पुढे अनेक दुःखी स्त्रियांची आचार्या झाली. दुसरी इसिदासी. सासरी पहाटे उठून सर्वांची सेवा करीत होती, तरी नवऱ्याने टाकली. बापाने दुसरे लग्न लावले, तेथूनही परत. तिसरे, तेथूनही परत. बाईची चूक काय, हे कोणालाच सांगता येईना. जुन्या ग्रंथात तिच्या दुःखाचे कारण मागल्या जन्मांत शोधले आहे. पूर्वजन्मीच्या कर्माची ही भाषा बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात तपासून नाकारली आहे आणि आपणही ती टाकून द्यावी. परत आलेल्या लेकीला ‘तुझ्या नशिबात’ म्हणणारी जीभ बौद्धाची नव्हे. आणि तिसरी सोमा. तिला माराने सांगितले की बाईची अक्कल दोन बोटांची, तिला ज्ञान काय होणार? सोमेने उत्तर दिले की चित्त स्थिर आहे, ज्ञान होत आहे, तेथे बाई की पुरुष हा प्रश्न येतोच कोठे? अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या मारासारखे मार काष्टीपासून पुण्यापर्यंत पारावर बसलेले मला दिसतात. नावे घेत नाही.

पण कोणी म्हणेल, भन्ते-थेरींचे राहू द्या, आपल्या काळातले सांगा. सांगतो.

कुमुद सोमकुवर ही 1938 साली नागपुरात जन्मलेली आपल्याच समाजातली मुलगी. 1956 च्या धम्मदीक्षेच्या वेळी ती 18 वर्षांची होती. तिने शिकायला निवडले काय, तर संस्कृत! ज्या भाषेचे शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या कानावर पडू नयेत अशी तजवीज होती, ती भाषा. शाळेत गोखले गुरुजी आपल्याला शिकवतील की नाही याची तिला धास्ती होती, पण त्या गुरुजींनी भेद न करता शिकवले हे तिने पुढे कृतज्ञतेने लिहून ठेवले आहे. चांगल्याला चांगले म्हणण्याचा हा मोठेपणा ध्यानात घ्या. सगळे तसे नव्हते. ती संस्कृतची एम. ए. झाली, तिचे कौतुक झाले, सत्कार झाले, आणि नोकरी मात्र मिळेना. मुलाखतीला जायचे, समोरचे लोक पाहणार, हसणार आणि परत पाठवणार. मंत्र्यांपर्यंत दाद मागून झाली. मग तिने मोतीराम पावडे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला, आडनाव बदलले, आणि काही महिन्यांत शासकीय महाविद्यालयात नेमणूक झाली! पदवी तीच, विद्या तीच, बाई तीच. बदलले होते फक्त आडनाव. कुमुद पावडे यांनी हे सारे ‘अंतःस्फोट’ या 1981 साली निघालेल्या पुस्तकात लिहिले आहे. नोकरी मिळाल्याचे श्रेय सोमकुवरांच्या मुलीला नाही, पावड्यांच्या सुनेला आहे, अशा आशयाचे कडू सत्य त्यांनी तेथे मांडले. 2023 साली त्या वारल्या. शेवटपर्यंत स्त्रियांच्या आणि आंतरजातीय विवाहितांच्या कामात राहिल्या.

पाहा, प्रेम, नोकरी आणि ओळख ही तीन सुते या एका आयुष्यात कशी गुंतली होती. नोकरी मागायला गेली तर जात आडवी आली. लग्न मनासारखे केले तर नोकरी मिळाली, पण आपल्या नावाचा मान गेला. जे मिळाले ते कोणाला मिळाले, हा प्रश्न तिला सुटला नाही आणि तिने तो लपवलाही नाही. मला या बाईंचे मोठेपण वाटते ते येथे. यश मिळाल्यावर माणसे बहुधा असे प्रश्न विचारायचे सोडून देतात.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांची वाट अगदी निराळी. जन्म 1929 चा. तेराव्या वर्षी लग्न. किराणा मालाचे छोटे दुकान. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीचे कागद त्या वाचीत. वाचता वाचता लिहू लागल्या, तेही नवऱ्याच्या नकळत. लिहिलेले वीसएक वर्षे लपवून ठेवले. ते 1982 मध्ये ‘स्त्री’ मासिकातून येऊ लागले आणि 1986 साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. आज जगभर वाचतात. पण ती वीस वर्षे त्या बाईने स्वतःची ओळख घरात चोरून ठेवली होती, आणि ते घर बाबासाहेबांना मानणारे होते! आपल्या घरातली कोणती वही कोणत्या पत्र्याच्या पेटीत तळाशी पडली आहे, हे आज घरी गेल्यावर जरा बघा. म्हणजे उघडून वाचू नका. लिहायला तिला वेळ मिळतो का, एवढेच बघा.

नाशिकच्या शांताबाई दाणी यांनी लग्नच केले नाही. दादासाहेब गायकवाडांच्या बरोबरीने चळवळीत उतरल्या, विधान परिषदेत गेल्या, मुलींसाठी शाळा काढली. ‘रात्रंदिन आम्हा’ हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे. बिनलग्नाची बाई म्हणजे ओझे, असे म्हणणाऱ्यांनी त्यांच्या शाळेतून शिकून गेलेल्या मुलींना जाऊन विचारावे.

आणि आपल्या जिल्ह्याचे म्हणाल तर सावित्रीमाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते नगरला, अमेरिकन मिशनच्या फारारबाईंच्या शाळेत. त्यांचेही त्या वेळी लग्न झालेले होते. नवऱ्याने शिकवले आणि पुढच्या शिक्षणासाठी घराबाहेर जाऊ दिले. 19 व्या शतकात जोतिबांना जे सुचले ते आपल्या जावयांना का सुचू नये?

आता उपदेशाचा कठीण भाग. बाबासाहेबांनी 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत मुलींना सांगितले की लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे. आणि लग्न केलेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे, दासी म्हणून राहू नये. पुढे हिंदू कोड बिलासाठी झगडून, ते रखडले म्हणून 1951 मध्ये मंत्रिपद सोडले. त्या झगड्यातून जे कायदे पुढे तुकड्यातुकड्यांनी झाले ते बौद्धांनाही लागू आहेत. 1955 चा विवाह कायदा लागू आहे. वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, तोही लागू आहे. तेव्हा ‘तिला हुंडा दिला, आता वाटा कशाला’ हे बोलणे धम्मातही बसत नाही आणि कायद्यातही नाही. लग्नानंतर नवऱ्याचे आडनाव लावलेच पाहिजे असाही कायदा नाही. मुलीला आपले नाव ठेवायचे असेल तर ठेवू द्या. पटकन बदलायचे असेल तरी तिचे तिला ठरवू द्या.

सिगालसुत्तात आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांचा क्रम पाहा. वाईटापासून परावृत्त करणे, चांगल्याला लावणे, मग हुन्नर शिकवणे, मग अनुरूप जोडीदार आणि शेवटी योग्य वेळी वारसा हाती देणे. हुन्नर आधी, जोडीदार नंतर! हा उपदेश सिगाल नावाच्या तरुण मुलाला केला होता हे खरे. पण ज्याने स्त्रियांसाठी संघाचे दार उघडले, त्याच्या शब्दांतून मुलीला वगळण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? त्याच सुत्तात नवऱ्याची कर्तव्ये आहेत: पत्नीचा मान राखणे, तिचा अपमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घराचा अधिकार तिच्या हाती देणे. मुलीला स्थळ पाहताना पगार विचारता, जमीन विचारता. हे चार प्रश्न कोणी विचारतो काय?

प्रेमाविषयी बोलताना मला खर्डा विसरता येत नाही. जामखेड तालुक्यात, आपल्याच जिल्ह्यात, 28 एप्रिल 2014 रोजी एका 17 वर्षांच्या दलित शाळकरी मुलाला मारून टाकण्यात आले. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो हा संशय त्याला कारण झाला. 2017 मध्ये खटल्यातले आरोपी सुटले, साक्षीदार फिरले होते. या जिल्ह्यात बोलणे सुद्धा प्राणावर बेतते. म्हणून आई घाबरते, आणि तिची भीती खोटी नाही. पोरी, आईला भित्री म्हणू नकोस. पण आईनेही एक पाहावे. भीतीने मुलीचे शिक्षण बंद करून पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिचे लग्न उरकले, तर खर्ड्याच्या मारेकऱ्यांना हवे होते तेच आपण आपल्या हाताने केले. शिवाय 2006 च्या कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलीचे लग्न लावणे हा गुन्हा आहे, मग मंडपात मंगलाष्टके असोत की त्रिसरण-पंचशील.

दुसरी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही, कोणाला बोचली तर बोचू द्या. वरच्या जातीने आपल्या मुलाला नाकारले की आपण मोर्चा काढतो, आणि तो काढलाच पाहिजे. पण आपल्या बौद्ध मुलीने मातंग मुलगा, चर्मकार मुलगा पसंत केला की आपल्याच घरात सुतक पडते. साडेबारा पोटजातींची जुनी चौकशी अजून सोयरिकीत गुपचूप चालते. बाबासाहेबांनी 1936 सालीच लिहून ठेवले की जात मोडायचा खरा उपाय रोटीत नाही, बेटीव्यवहारात आहे. त्यांच्या जयंतीला डोक्याला निळी पट्टी बांधणाऱ्या बापाने लेकीच्या बाबतीत मनूची काठी हाती घ्यावी, हे मी या डोळ्यांनी अनेकदा पाहिले आहे.

म्हणून मुलींना थोडे व्यवहाराचे सांगतो. कोणी आवडला तर त्याला एकदा आपल्या घरी, आपल्या माणसांसमोर यायला सांग. आनंद आईच्या घरात आला होता, अंधारात भेटला नव्हता. जो घरी यायला कचरतो, ‘आत्ता कोणाला सांगू नको’ म्हणतो, त्याच्याविषयी सावध हो. त्याला विचार की लग्नानंतर मी नोकरी केली तर तुझी आई काय म्हणेल? आमच्या घरी जेवायला तुझे लोक येतील का? तो ‘बघू’ म्हणाला तर तूही बघ, घाई करू नकोस. दोघेही सज्ञान, म्हणजे तू 18 ची आणि तो 21 चा असेल, तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याने जात-धर्म न बदलता लग्न नोंदवता येते. मात्र त्यासाठी तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. या तीस दिवसांत घरचे आणि गावचे दडपण येते, हे ओळखून आधीच चार जबाबदार माणसे पाठीशी उभी कर. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात जातपंचायतीने पडणे बेकायदेशीर आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला आहे, तो ठाऊक असू दे. आणि हे सगळे करण्याच्या आधी हातात एखादे काम असू दे, मग ते रुग्णालयातले असो, शाळेतले असो की शिलाईचे. चार पैसे स्वतःचे असले की प्रेमाचाही विचार डोके शांत ठेवून करता येतो.

आणि ‘मी कोण’ हा प्रश्न. तो एका बैठकीत सुटेल असे समजू नकोस. आपला धम्म आत कोठे तरी कायमचा, न बदलणारा आत्मा दडून बसला आहे असे मानीत नाही. तेव्हा ओळख ही पुरलेल्या हंड्यासारखी एकदा खणून काढायची वस्तू नव्हे. जन्माने कोणी हीन होत नाही आणि जन्माने कोणी श्रेष्ठ होत नाही, कर्माने होतो, असे भगवंत सांगून गेले. म्हणजे आज तू जे शिकतेस, जे बोलतेस, जे नाकारतेस, त्यातून तुझी ओळख घडत चालली आहे. यंदा परिचारिका व्हावेसे वाटले आणि पुढच्या वर्षी शिक्षिका, तर तू चंचल ठरत नाहीस. दाखल्यावरची जात ही सरकारी सवलतीसाठीची नोंद आहे. 1990 मध्ये केंद्र सरकारने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या त्या मोठ्या लढ्यानंतर. तो कागद घेताना लाजू नकोस आणि तो कागद म्हणजे आपण असेही समजू नकोस.

शेवटी विहाराच्या मंडळींना एक काम. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर एक तास मुलींसाठी वेगळा ठेवा. त्या वेळी विहारात पुरुषांनी थांबू नये, या एका तासाला तंबाखू मळायला खुशाल बाहेर जावे. गावातली एखादी शिक्षिका, आशाताई, परिचारिका, तलाठी बाई यांना बोलवा. कोठे प्रवेश मिळतो, वसतिगृहाचा अर्ज कोठून आणायचा, शिष्यवृत्तीची मुदत कधी संपते, हे त्यांनी सांगावे. वर्षावासाच्या तीन महिन्यांत आपण ग्रंथाचे वाचन ठेवतोच, त्यात यंदा प्रकृतीचे प्रकरण मुलींनीच वाचावे आणि त्यावर पहिले बोलणेही मुलींचेच असावे. कोणी काही वेडेवाकडे विचारले तर कोणत्याही आईने तिला चिमटा काढून गप्प करू नये. अर्जाचे कोरे नमुने आणि दोन-चार पेने आधीच आणून ठेवा, पुष्कळ मुलींच्या घरून त्या दिवशी पेन सुद्धा आणता येत नाही.